गाऱ्हाणे कोणाचे आणि कौल कोणाला?

गोव्यात आणि दक्षिण कोकणात देवळाच्या चौकात घातले जाणारे गाऱ्हाणे ज्यांनी ऐकले आहे, त्यांस या शब्दाची दुहेरी गंमत निराळी समजावून सांगावयास नको. गावकार किंवा घाडी देवापुढे उभा राहून लेकराचे दुःख मांडतो, भोवतालचा समुदाय 'होय महाराजा' म्हणून दुजोरा देतो, आणि मग देवाच्या अंगावर लाविलेल्या प्रसादाची पाकळी उजवी पडते की डावी, याकडे सर्वांचे डोळे लागतात. हेच गाऱ्हाणे सामान्य व्यवहारात तक्रार होते आणि हाच कौल न्यायनिवाडा होतो. देऊळ आणि कचेरी यांची भाषा आपल्याकडे अशी एकमेकींत मिसळलेली आहे. आम्ही वकिलीचा व्यवसाय करणारे असल्यामुळे ही सरमिसळ आमच्या नजरेत अधिक भरत असेल. परंतु भूतबाधेचे चित्रपट पाहताना हीच दृष्टी आम्हांस सर्वांत उपयोगी वाटते.

बाधा झालेल्या माणसापुढे जाणता मांत्रिक बसतो तेव्हा तो आरंभी काय करतो? तो प्रश्न विचारतो. तू कोण, कुठला, या झाडाला का धरलेस, काय दिले म्हणजे सोडशील? ही उलटतपासणीच होय. उत्तरादाखल जी जबानी येते तीत कधी न फेडलेले नवस असतात, कधी बळकावलेली जमीन, कधी विहिरीत जीव दिलेली सासुरवाशीण. भूत आहे की नाही हा वाद तूर्त बाजूस ठेवला तरी एक गोष्ट उरतेच. ज्या सुनेला एरव्ही सासऱ्यापुढे मान वर करण्याची मुभा नाही, ती अंगात आल्यावर साऱ्या घराला एकेरीत बोलते आणि घर हात जोडून ऐकते. जे बोलणे तिच्या नावावर खपले नसते ते दुसऱ्याच्या नावावर खपते. म्हणून भयपट पाहताना त्यातील भूत खरे की खोटे, याची चिकित्सा आम्ही फारशी करीत नाही. गाऱ्हाणे ऐकले गेले की नाही, आणि ऐकले असल्यास कोणाचे, एवढेच आम्ही पाहतो.

या कसोटीवर पाश्चात्त्य चित्रपट आणि आपले चित्रपट यांची जात प्रथमदर्शनीच वेगळी दिसते. १९७३ साली आलेल्या 'द एक्झॉर्सिस्ट'मधील सैतानाची त्या कोवळ्या मुलीविरुद्ध वा तिच्या आईविरुद्ध कोणतीही तक्रार नाही. तो दुष्ट आहे म्हणून येतो आणि पाद्री त्यास ईश्वराच्या नावाने निघून जाण्याचा हुकूम करतात. तेथे खटला नाही, युद्ध आहे. आपल्याकडील भुताला मात्र बहुधा काहीतरी मागायचे असते. त्या चित्रपटाच्या यशानंतर आपल्याकडे जी अनुकरणे झाली, त्यांतील पुष्कळांनी हा भेद न ओळखता मुलीचा फिरलेला चेहरा आणि घोगरा आवाज तेवढा उचलला. त्यांविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही.

'गहराई' हा १९८० चा हिंदी चित्रपट याला सन्माननीय अपवाद होय. विकास देसाई आणि अरुणा राजे यांनी तो दिग्दर्शित केला. बंगळूरचा चेन्नबसप्पा गावाकडील वडिलोपार्जित जमीन विकतो. ती जमीन पिढ्यान्‌पिढ्या जपणाऱ्या बसवाचा विश्वास मोडतो. आणि थोड्याच दिवसांत त्याच्या मुलीच्या तोंडून पुरुषी आवाज येऊ लागतो. बापाची भूमिका डॉ. श्रीराम लागू यांनी केली व मुलीची पद्मिनी कोल्हापुरे यांनी. 'देवाला रिटायर करा' असे जाहीरपणे सांगणारे डॉ. लागू या चित्रपटात अविश्वासी बाप होतात, यातील औचित्य मराठी प्रेक्षकांस विशेष जाणवावे. डॉक्टरी उपचारांनी गुण येत नाही आणि मांत्रिकांची पाळी येते, येथवर कथा नेहमीचीच आहे. परंतु मुलीच्या तोंडून जे बाहेर येते ते निव्वळ किंचाळणे नसते. ते बापाविरुद्धचे आरोपपत्र असते. जमिनीचा विश्वासघात आणि बसवाच्या बायकोवर पूर्वी केलेला अन्याय, ही दोन्ही कलमे भर घरात, बायकामुलांसमक्ष वाचली जातात. दिवाणखान्यात अशी साक्ष झालेली आम्ही दुसऱ्या कोणत्याही भयपटात पाहिलेली नाही. उणीव एवढीच, की शिक्षा भोगते ती मुलगी. गुन्हा बापाचा आणि जप्ती लेकीच्या देहावर, असा हा न्याय आहे. चित्रपटास या विसंगतीची जाण आहे. पण तीवर बोट ठेवण्याइतका वेळ मात्र तो थांबत नाही.

परंतु या विषयाचे खरे विवेचन करावयाचे तर 'मणिचित्रताळ्' या मल्याळम चित्रपटाकडेच वळावे लागते. फाझिल यांनी दिग्दर्शित केलेला आणि मधु मुट्टम यांनी लिहिलेला हा चित्रपट १९९३ च्या नाताळात प्रदर्शित झाला. आमच्या बेळगावकडील वाचकांनी त्याचे कन्नड रूप 'आप्तमित्र' (२००४) पाहिले असेल, हैदराबादेकडील वाचकांनी रजनीकांत यांचा 'चंद्रमुखी' (२००५), आणि बहुतेक सर्वांनी प्रियदर्शन यांचा 'भूलभुलैया' (२००७). चारही ठिकाणी कथेचा सांगाडा एकच. जुन्या वाड्यात नवे जोडपे राहावयास येते; तंजावरहून आणलेल्या नागवल्ली नावाच्या नर्तकीचा त्या वाड्याच्या कारभाऱ्याने पूर्वी खून केलेला असतो; तिची कुलूपबंद खोली नव्या सुनेच्या हातून उघडली जाते. नवऱ्याचा मित्र डॉ. सनी हा मानसोपचारतज्ज्ञ शोधून काढतो की, बाधा कोणा भुताची नसून गंगा हीच आजारी असून स्वतःस नागवल्ली समजत आहे.

येथवर ही विवेकवादी कथा झाली. चित्रपटाचे मोठेपण पुढे आहे. रोगाचे निदान झाल्यावर डॉक्टर मांत्रिकाला हाकलून देत नाही. तिलकन यांनी साकारलेले ब्रह्मदत्तन नंबूतिरीपाद हे गृहस्थ विद्वान आहेत, विनोदबुद्धी राखून आहेत, आणि समोरचा डॉक्टर किती तोलाचा आहे हे जाणून आहेत. दोघे मिळून उपचार ठरवितात. दुर्गाष्टमीच्या रात्री मंडल मांडले जाते, होम पेटतो, आणि नागवल्लीला तिचा खुनी तिच्यासमोर आणून दिला जातो. ती तलवार उगारते. धुराच्या आड जिवंत माणसाच्या जागी पुतळा सरकविला जातो. तिचा सूड पुरा होतो आणि ती शांत होते. नंबूतिरींचे मंत्र आणि डॉक्टरांची विद्या यांपैकी कोणी बरे केले, हा प्रश्न त्या रंगमंडलात अप्रस्तुत होऊन जातो. रोग्याच्या अंगावर एकही घाव पडत नाही. पडतो तो पुतळ्यावर.

या शेवटच्या वाक्याचे महत्त्व वाचकांनी हलके मानू नये. महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाल्यावर जो जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्याच्या अनुसूचीचे पहिलेच कलम भूत उतरविण्याच्या निमित्ताने होणाऱ्या छळासंबंधी आहे. दोराने वा साखळीने बांधणे, काठीने वा चाबकाने मारणे, मिरचीची धुरी देणे, पादत्राणे बुडविलेले पाणी पाजणे, छताला टांगणे, असे प्रकार त्यात नावानिशी मोजले आहेत. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. कायदा करणाऱ्यास अशी यादी कल्पनेने करता येत नाही. प्रत्येक शब्दामागे कोणाची तरी लेक उभी असते. कर्नाटकाने २०१७ साली आणि गुजरातने २०२४ साली असेच कायदे केले. आमच्या देवस्थानांतील वडीलधाऱ्यांपैकी काहींस हे कायदे श्रद्धेवरील आक्रमण वाटले, हे आम्ही जाणतो. त्यांस आमची विनंती एवढीच, की अनुसूची एकवार स्वस्थपणे वाचावी. देवापुढे गाऱ्हाणे घालणे, कौल मागणे, अंगारा लावणे यांपैकी काहीही त्या कलमात सापडणार नाही. उलट जेथे चाबूक उठतो तेथे प्रश्न विचारणे बंद झालेले असते. जबानी घेण्याचे थांबवून साक्षीदारालाच झोडपण्याचा तो प्रकार होय. चित्रपटांनी या चाबकाला फार काळ मानाचे स्थान दिले. केस मोकळे सोडलेली स्त्री, तिच्यावर कडाडणारा आसूड आणि पार्श्वभूमीला घंटानाद, हे दृश्य पडद्यावर इतक्यांदा आले आहे की, प्रेक्षक त्यास उपचार समजू लागला. 'मणिचित्रताळ्'ने मांत्रिकाची प्रतिष्ठा राखून त्याच्या हातातील चाबूक तेवढा काढून घेतला. पन्नास व्याख्यानांनी हे साधले नसते, असे आमचे मत आहे.

आता थोडे भाषेविषयी, कारण हे पत्र दोन भाषांच्या वाचकांचे आहे. मल्याळम चित्रपटातील नागवल्ली तमिळ बोलते. कन्नड आणि तमिळ आवृत्त्यांतील नर्तकी तेलुगू गाते. हिंदीतील मंजुलिका बंगाली बोलते. प्रत्येक वेळी अन्याय झालेली स्त्री शेजारच्या भाषेतली! दुरून आणलेली, माहेर तुटलेली, जिची दाद घेणारे गावात कोणी नाही, अशी ती असते. आणि गंगेलाही आपले दुःख स्वतःच्या भाषेत सांगता येत नाही, म्हणून ती परकी भाषा उसनी घेते. नवरा नकुलन तिला दागिने आणावयास जाण्यास मना करतो तो प्रसंग पाहावा. तिचा चेहरा हळूहळू पालटतो आणि मल्याळमचे तमिळ होते. तेथे शोभना यांनी केलेला अभिनय राष्ट्रीय पारितोषिकास पात्र ठरला, यात नवल नाही. गमतीची गोष्ट अशी, की पडद्यामागेही आवाज दोन होते. गंगेचा आवाज भाग्यलक्ष्मी यांचा आणि नागवल्लीचा तमिळ आवाज दुर्गा यांचा. पण या दुसऱ्या बाईंचे नाव कित्येक वर्षे लोकांस ठाऊकच नव्हते, सारे श्रेय पहिलीच्या खाती जमा होते.

हिंदी अवताराविषयी दोन शब्द. 'भूलभुलैया'त ब्रह्मदत्तन यांच्या जागी आचार्य यज्ञप्रकाश भारती येतात आणि ती भूमिका दिवंगत विक्रम गोखले यांनी केली. गोखल्यांच्या आवाजातील भारदस्तपणा त्या पात्रास शोभतो. विद्या बालन यांचे काम तर चांगलेच आहे. पण भोवतालचा विनोद इतका सैल आहे की, आचार्य आणि डॉक्टर यांच्यातील आदराचे नाते रुजावयास जागाच राहत नाही. पुढे २०२२ च्या 'भूलभुलैया २'मध्ये खरोखरीचे भूत आले आणि खरोखरीची काळी जादू आली. ज्या नावाने प्रेक्षकांस एकदा दाराचे कुलूप उघडून दाखविले, त्याच नावाने ते पुन्हा घातले गेले. धंद्याचे गणित असेल. तक्रार करून उपयोग नाही.

गुजराती 'वश' (२०२३) आणि त्यावरून हिंदीत आलेला 'शैतान' (२०२४) यांत मामला आणखी पुढे गेला आहे. तेथे मांत्रिक हाच हल्लेखोर. घरात शिरलेला परका मनुष्य तरुण मुलीला वश करतो आणि बापाने ती राजीखुशीने आपल्या स्वाधीन करावी, असे मागतो. ही मागणी कायद्याच्या दृष्टीने फार सूचक आहे: मुलगी सज्ञान असो नसो, संमती बापाची हवी! जानकी बोडीवाला यांनी दोन्ही चित्रपटांत त्या मुलीचे काम विलक्षण ताकदीने केले, आणि गुजराती चित्रपटासाठी त्यांस राष्ट्रीय पारितोषिकही मिळाले. परंतु त्या मुलीस स्वतःचे असे वाक्य जवळजवळ नाही. 'गहराई'तील मुलगी निदान दुसऱ्याचे गाऱ्हाणे बोलत होती. येथे देह तेवढा राबतो आणि वाद दोन पुरुषांत चालतो.

आमची मुख्य हरकत मात्र ज्याची आम्ही एवढी स्तुती केली त्याच चित्रपटावर आहे, कारण हरकत घेण्याच्या योग्यतेचा तोच आहे. 'मणिचित्रताळ्'च्या न्यायालयात नागवल्लीचा दावा मंजूर होतो. शंभर वर्षांपूर्वीच्या खुनाची भरपाई पुतळ्याचे शिर देऊन केली जाते. या दाव्याच्या आड आणखी दोन स्त्रिया उभ्या आहेत. एक श्रीदेवी: पत्रिकेतील दोषापायी जिचा संसार मोडला, म्हणून घरात काही अघटित घडले की प्रथम जिच्याकडे बोट जाते ती. डॉक्टरही खऱ्या रोग्याला सुगावा लागू नये म्हणून हिलाच रोगी ठरवून कोंडून ठेवतो. हेतू चांगला असेल. पण निर्दोष व्यक्तीस आरोपी म्हणून उभी करण्यापूर्वी तिला कोणी विचारले? शेवटी तोच डॉक्टर तिला मागणी घालतो आणि चित्रपट समजतो की हिशेब चुकता झाला.

दुसरी खुद्द गंगा. आई-वडील कलकत्त्यास निघून गेले आणि ही लहानपणी आजीजवळ खेड्यात वाढली. पुढे नवरा मिळाला तो भला, पण कामात गढलेला. डॉक्टरने ही सारी माहिती स्वतः प्रवास करून गोळा केली, नवऱ्यास सांगितली, निदानास आधार म्हणून वापरली. दुर्गाष्टमीच्या रात्री होमापुढे नागवल्लीला विचारण्यात आले की तुला काय हवे. गंगेला तो प्रश्न चित्रपटभर कोणीच विचारीत नाही. तिला झोपविले जाते, नागवल्ली विसरण्यास सांगितले जाते, आणि ती जागी होते ती नकुलनची बायको म्हणून.