माणूस तिथं नसतो? : कॅमेरा ट्रॅपची उलटतपासणी

कॅमेरा ट्रॅपवर टीका करायला आम्ही उभे आहोत, पण कौतुक आधी करून टाकतो. गुडघाभर उंचीवर झाडाला बांधलेली एक पेटी. समोरून उबदार अंगाचं काही हललं की फोटो निघतो. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे, त्यातही डावी-उजवी बाजू वेगळी. म्हणून वाटेच्या दोन्ही कडांना समोरासमोर कॅमेरे लावतात. उल्लास कारंथ यांनी १९९० च्या दशकात नागरहोळेत ही पद्धत रुजवली. २०१८ च्या व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लागले आणि जवळपास साडेतीन कोटी फोटो निघाले. त्यात वाघांचे ७६,६५१.

नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याचं उदाहरण तर आम्हाला फार मोलाचं वाटतं. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी तिथं शेतशिवारात कॅमेरे लावले. १०० चौरस किलोमीटरमागे साधारण ५ बिबटे निघाले, आणि तेही अभयारण्यात नव्हे, दाट वस्तीच्या बागायती मुलखात. बिबट्या 'वाट चुकून' गावात येतो, ही आपली लाडकी समजूत या अभ्यासानं मोडली. हे कॅमेऱ्याचंच देणं.

मग खटकतं काय? 'माणूस तिथं नसतो' हे वाक्य.

कॅमेरा कुठल्या वाटेवर बांधायचा, हे माणूसच ठरवतो. त्यामुळे दिसतं ते त्या वाटेवरचं जनावर, तेही क्षणभर. ते आलं कधी, हे कळतं. का आलं, हे आपण जोडतो. काही जनावरं तर थबकून कॅमेऱ्याकडे बघतात, हुंगतात. म्हणजे आपण तिथं आहोत, हे त्यांनी ओळखलेलं असतं!

पण आमचा मोठा आक्षेप पुढे आहे. मोळी घेऊन चाललेल्या बाईचं अंगही उबदारच असतं. पेटीला फरक कळत नाही.

उत्तराखंडातल्या कॉर्बेट परिसरात केंब्रिजच्या संशोधकानं चौदा महिने राहून २७० रहिवाशांशी बोलून केलेला अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथं बायका सरपण-गवताला रानात जातात. मोठ्यानं बोलतात, गाणी म्हणतात. जनावर दूर राहावं म्हणून. कॅमेरे आले आणि आवाज खाली गेले. कॅमेरा चुकवायला काही जणी अनोळखी भागात शिरू लागल्या. शौचाला बसलेल्या एका बाईचा फोटो तर मोबाइलवर गावभर फिरला. चिडलेल्या गावकऱ्यांनी कॅमेरे फोडले.

आता बघा, जनावराचं वागणं टिपायला लावलेल्या यंत्रानं आधी माणसाचं वागणं बदललं. आणि रानात गाणं थांबलं, तर वाघाशी अचानक गाठ पडण्याचा धोका वाढणारच. म्हणजे यंत्रानं वाघाचंही जग बदललं, आणि आपण मात्र म्हणणार, आम्ही कुठं काय ढवळलं!

कॅमेरे काढा, असं आम्ही म्हणत नाही. अकोल्याचा धडा आम्हाला हवाच आहे. पण बांधण्याआधी गावाला, विशेषतः बायकांना, विचारा. पाणवठ्याच्या आणि शौचाच्या वाटा सोडा. माणसाचा फोटो आला की पुसून टाका, आणि तो कोणी बघितला याची नोंद ठेवा. वाघ संमती देऊ शकत नाही, हे खरं. बाई देऊ शकते. तिला विचारलंच नाही, ही आपली चूक.

इथं थांबतो. प्रश्न घेऊया.