दुर्गा खोटे यांचा वाचिक अभिनय

१

दुर्गा खोटे (१९०५–१९९१) यांच्या कार्याचा उल्लेख जेथे जेथे येतो, तेथे तो बहुधा दोन ठराविक वर्णनांच्या चौकटीत येतो. 'चित्रपटसृष्टीत आलेली कुलीन घराण्यातील पहिली सुशिक्षित स्त्री' हे पहिले वर्णन, आणि 'रुपेरी पडद्यावरील आदर्श माता' हे दुसरे. दोन्ही वर्णने गौरवाच्या हेतूने केली जातात आणि दोन्हींत काही तथ्यही आहे. तथापि अभिनयाच्या अभ्यासकाला त्यांचा उपयोग फार थोडा. पहिले वर्णन त्या कोठून आल्या ते सांगते, दुसरे त्यांना कोणत्या भूमिका मिळाल्या ते सांगते. त्या भूमिका त्यांनी कशा केल्या, हा प्रश्न दोन्ही वर्णनांत तसाच राहतो.

'कुलीन' या शब्दाचाच येथे थोडा विचार करणे अवश्य आहे. 'कुल' या नामापासून सिद्ध झालेले हे विशेषण मूलतः जन्मवाचक आहे. गुणवाचकतेचा अर्थ त्याला मागाहून चिकटला आहे. अभिनेत्रीला ते लावले की तिच्या कर्तृत्वाचे श्रेय तिच्या साधनेकडून तिच्या घराण्याकडे सरकते. शिवाय त्याच्याबरोबर येणारा 'पहिली' हा शब्द कालानुक्रम सांगत असल्याचा भास निर्माण करतो. वस्तुतः फाळके यांच्या 'मोहिनी भस्मासुर' (१९१३) या चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि कमलाबाई गोखले या मायलेकींनी भूमिका केल्या होत्या. म्हणजे दुर्गा खोटे यांच्यापूर्वी सुमारे दीड तप मराठी स्त्री पडद्यावर आलेली होती. 'कुलीन' या एका शब्दाने त्या पूर्वसूरींना गणनेतून वगळले जाते आणि नंतर आलेलीला 'पहिली' ठरविले जाते. गौरवाचा शब्द अशा रीतीने इतिहासात अन्याय करतो. तो अन्याय केवळ वगळलेल्यांवरच होतो असे नाही. ज्या व्यक्तीचा गौरव केला, तिच्या कलेवरही तो होतो.

भरताने अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार मानले आहेत. दुर्गाबाईंच्या भूमिकांचे स्मरण करणारे रसिक त्यांचे रूप, त्यांची उंची, त्यांचा रुबाब यांविषयी पुष्कळ बोलतात. परंतु त्यांच्या कारकिर्दीला एकसूत्रता देणारे अंग वाचिक अभिनयाचे आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

२

दुर्गाबाईंची भाषिक पार्श्वभूमी या दृष्टीने लक्षात घेण्यासारखी आहे. लाड कुटुंब मूळचे गोव्याकडील, घरातील बोली कोकणी. शिक्षण मुंबईच्या कॅथीड्रल शाळेत व पुढे सेंट झेवियर महाविद्यालयात, अर्थात इंग्रजीतून. अवतीभवतीचा समाज मराठी. त्यांची पुढील कारकीर्द मुख्यतः हिंदी-उर्दू चित्रपटांत गेली. रंगभूमीला लागणारी प्रमाण मराठी ही त्यांना घरातून आयती मिळालेली नव्हती, ती कमवावी लागली. जन्मभाषेत बोलणाऱ्याचे उच्चारांकडे सहसा लक्ष नसते. कमावलेल्या भाषेत बोलणाऱ्याला प्रत्येक वर्णाची जाणीव ठेवावी लागते. दुर्गाबाईंच्या बोलण्यातील रेखीवपणाचा उगम या जाणिवेत असावा, असे अनुमान करण्यास आधार आहे.

मोहन भवनानी यांच्या 'फरेबी जाल' (१९३१) मधील छोट्या भूमिकेनंतर प्रभात फिल्म कंपनीच्या 'अयोध्येचा राजा' (१९३२) या बोलपटात त्या तारामती झाल्या. पहिला मराठी बोलपट म्हणून गणला जाणारा हा चित्रपट व्ही. शांताराम यांनी कोल्हापुरात दिग्दर्शित केला. हरिश्चंद्राच्या भूमिकेत गोविंदराव टेंबे होते. टेंबे संगीत रंगभूमीवरून आलेले, दुर्गाबाई मात्र नाट्यव्यवसायाच्या परंपरेबाहेरून आलेल्या. त्या काळापर्यंत मराठी प्रेक्षकाच्या कानांवर स्त्रीभूमिकेची जी वाणी होती, ती मुख्यतः पुरुषकंठातून आलेली व गायनाने भारलेली होती. बालगंधर्वांनी तिला पराकोटीचे लालित्य प्राप्त करून दिले होते. 'आंधळ्यांची शाळा' (१९३३) या नाटकाने नाट्यमन्वंतराने स्त्रियांकडून स्त्रीभूमिका करविल्या, त्याच्याही एक वर्ष आधी तारामतीच्या रूपाने स्त्रीचे बोलणे स्त्रीच्या कंठातून बोलपटात ऐकू आले.

पार्श्वगायनाची पद्धत तेव्हा रूढ झालेली नव्हती. नटीला आपली पदे आपणच, चित्रीकरण चालू असतानाच म्हणावी लागत. दुर्गाबाईंनीही ती म्हटली. परंतु त्या काळातील नायिकेची प्रतिष्ठा जशी गळ्यावर अवलंबून असे, तशी त्यांची राहिली नाही. गायिका नसलेल्या अभिनेत्रीला केवळ गद्य बोलण्याच्या बळावर नायिकापद टिकविता येते, हे त्यांच्या उदाहरणाने दिसून आले.

३

'अयोध्येचा राजा' मराठीप्रमाणेच हिंदीतही निघाला आणि दोन्ही आवृत्त्यांत तारामती त्यांनीच केली. भाषाभ्यासकाला याहून अधिक उपयुक्त सामग्री क्वचितच लाभेल. एकच नटी, एकच प्रसंग, परंतु भाषा दोन. मराठीत 'तू', 'तुम्ही' आणि आदरार्थी 'आपण', हिंदीत 'तू', 'तुम' आणि 'आप'. वरवर व्यवस्था सारखीच दिसते. पण पतीला एकेरी न संबोधता 'इकडून येणे झाले' असा कर्ता लपविणारा प्रयोग जुन्या मराठी घरात रूढ होता, तसा प्रमाण हिंदीत नाही. मराठी आज्ञार्थात 'ये', 'या', 'यावे' या पायऱ्या आहेत. त्यांतील 'यावे' हे रूप विनंती, आज्ञा आणि आशीर्वाद यांच्या सीमेवर उभे असते. ते नेमके कोणत्या बाजूला झुकले, हे व्याकरण सांगत नाही. ते केवळ स्वराघातावरून कळते. एका भाषेतून दुसरीत जाणाऱ्या नटीला हा नात्यांचा हिशेब नव्याने मांडावा लागतो.

प्रभातनंतर दुर्गाबाई एका कंपनीशी बांधून राहिल्या नाहीत. कलकत्त्यात देवकी बोस यांच्या 'राजरानी मीरा' (१९३३) व 'सीता' (१९३४) या चित्रपटांत त्यांनी भूमिका केल्या, आणि पुन्हा प्रभातकडे येऊन 'अमर ज्योती'त (१९३६) सौदामिनी रंगविली. सौदामिनीची व्यथा मातृत्वाची आहे. पोटच्या मुलावर आईचा कायदेशीर अधिकार नाकारला जातो आणि ती समुद्रावरील दरोडेखोरांची नायिका होऊन पुरुषसत्तेविरुद्ध उठते. आई या नात्याचा आधार घेऊन आज्ञा देणारी ही स्त्री 'आदर्श माता' या चौकटीत बसत नाही. त्याच नात्याचे दुसरे टोक 'भरत मिलाप' (१९४२) मधील कैकेयीत दिसते. पुत्रप्रेमानेच ती अनर्थ घडविते. तत्पूर्वी अत्रे यांच्या 'पायाची दासी'त (१९४१) त्यांनी सुनेचा छळ करणारी सासू उभी केली होती. पडद्यावरील त्यांच्या मातृत्वाचा आरंभ असा सत्ता गाजविणाऱ्या स्त्रियांपासून झाला आहे. वत्सल मातांचा क्रम त्यानंतरचा आहे.

४

या दृष्टीने मुंबई मराठी साहित्य संघाच्या रंगभूमीवरील त्यांच्या दोन भूमिका विशेष महत्त्वाच्या ठरतात. खाडिलकरांच्या 'भाऊबंदकी'तील आनंदीबाई ही एक, आणि वि. वा. शिरवाडकरांनी 'मॅकबेथ'वरून रचलेल्या 'राजमुकुट' (१९५४) मधील लेडी मॅकबेथच्या तोडीची नायिका ही दुसरी. हे नाटक हर्बर्ट मार्शल यांनी दिग्दर्शित केले, आणि त्यात दुर्गाबाईंसमोर नानासाहेब फाटक होते.

आनंदीबाईच्या नावाशी निगडित असलेली 'ध चा मा' ही आख्यायिका इतिहासदृष्ट्या विवाद्य असेल, पण भाषादृष्ट्या ती अर्थपूर्ण आहे. 'धरावे' या शब्दातील एक अक्षर बदलले की 'मारावे' होते आणि अटकेचा हुकूम वधाचा होतो. 'आवे' हा विध्यर्थी प्रत्यय दोन्हींत तोच राहतो, अधिकाराचा सूर तोच राहतो, फक्त धातू बदलतो. एका अक्षरात प्राण घेण्याचे सामर्थ्य आहे, असे मानणाऱ्या लोकपरंपरेतील ही स्त्री रंगविण्यासाठी प्रत्येक अक्षराचे वजन ओळखणारी नटीच हवी होती. 'राजमुकुट'मधील आव्हान निराळे आहे. शेक्सपिअरने या स्त्रीला आरंभी आज्ञेची भाषा दिली आणि निद्राभ्रमणाच्या प्रसंगी तिच्या तोंडची पद्यरचना मोडून तुटक गद्य ठेवले. मन वळविणाऱ्या वाणीचा कस आणि त्याच वाणीचे विघटन, अशा दोन्ही गोष्टी एकाच कंठाकडून ही भूमिका मागते.

नाट्यप्रयोग हरपतात आणि चित्रपट उरतात. म्हणून या भूमिकांची वाणी कशी होती, याचा शोध अखेर पडद्यावरच घ्यावा लागतो. 'मुघल-ए-आझम' (१९६०) मधील जोधाबाई त्यासाठी सर्वांत सोयीची. सम्राट पती आणि बंडखोर पुत्र यांच्यामध्ये ती उभी आहे. उर्दूतील क़, ख़, ग़ हे ध्वनी मराठीत नाहीत, आणि संवादांची घडण दरबारी, अलंकृत. पृथ्वीराज कपूर यांचा अकबर त्या भाषेला गर्जनेची उंची देतो. जोधाबाई तिच्याशी स्पर्धा करीत नाही. ती आवाज खालच्या पट्टीत ठेवते, शब्दांमधील विराम वाढविते आणि वाक्याच्या शेवटचा भार क्रियापदावर टाकते. त्यामुळे सम्राज्ञीची आर्जवे ऐकताना ती आज्ञा देऊ शकली असती, याची जाणीव सतत राहते. सत्ता असूनही ती न वापरणारीची विनंती आणि सत्ताहीनाची विनंती यांतील हा भेद त्या केवळ स्वराने दाखवितात.

५

या वाचिक सामर्थ्याची मर्यादाही नोंदविली पाहिजे. उत्तरकालीन हिंदी चित्रपटांत माता आणि आजी यांच्या भूमिका एकामागून एक येत राहिल्या. 'बिदाई'तील (१९७४) भूमिकेला फिल्मफेअर पारितोषिक लाभले. परंतु अशा भूमिकांत संवादलेखकांनी त्यांना बहुधा उपदेश आणि आशीर्वाद एवढीच भाषा दिली. ज्या आवाजात आज्ञा व आर्जव यांचा संघर्ष ऐकू येत असे, त्यात आता संघर्षाला जागाच उरली नाही. घोटून बसलेली लय मग सवयीचे रूप घेते. हा दोष सर्वस्वी नटीचा नव्हे, पण तो दिसत नाही असे म्हणणे समीक्षेला शोभणार नाही.

संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार (१९५८), पद्मश्री (१९६८) आणि दादासाहेब फाळके पुरस्कार (१९८३) हे मानसन्मान त्यांना मिळाले. 'मी दुर्गा खोटे' हे त्यांचे मराठी आत्मचरित्र वाचकप्रिय झाले आणि शांता गोखले यांच्या अनुवादाने २००६ मध्ये इंग्रजीत गेले. चरित्राची सामग्री एवढी विपुल असताना त्यांच्या उच्चारांचा, स्वराघातांचा व विरामांचा पद्धतशीर अभ्यास मात्र व्हावयास हवा तसा झालेला नाही. मराठी आणि हिंदी अशा दुहेरी आवृत्त्यांतील संवादांचे ध्वनिलेखन करून त्यांची तुलना करणे हे त्या अभ्यासाचे पहिले पाऊल ठरेल. पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या आवाक्यातील हे काम आहे. ते झाले म्हणजे 'कुलीन' या विशेषणाची गरज उरणार नाही, आणि कमलाबाई गोखले यांच्यापासून दुर्गा खोटे यांच्यापर्यंतच्या नटींची तुलना त्यांच्या जन्मावरून न होता त्यांच्या कलेवरून करता येईल.