चार सेकंदांनंतर ‘टिंग’

मी आयुष्यात रायफल हातात धरलेली नाही. तरीही गेली दीड-दोन वर्षं रात्री झोपण्याआधी मी अमेरिकेतल्या गॅरेजमध्ये जुन्या शिकारी रायफलींच्या नळ्या बदललेल्या बघतो. हा आता एक स्वतंत्र व्हिडिओ-प्रकार झालाय. त्याला ठरलेली सुरुवात आहे, मध्य आहे, शेवट आहे, आणि गुळगुळीत झालेली वाक्यंही आहेत. कीर्तनाला पूर्वरंग-उत्तररंग असतो तसंच. आणि ज्याला एवढा पक्का साचा आहे, त्याची समीक्षा व्हायला हवी, असं मला वाटतं.

पूर्वरंगात आजोबा असतात. ‘ही माझ्या आजोबांची हरणाची रायफल.’ लाकडी दस्त्यावर ओरखडे, बोल्टच्या मुठीवरचा काळा रंग हाताने घासून पांढरा पडलेला. बहुतेकदा रेमिंग्टन ७००, म्हणजे १९६२पासून बाजारात असलेलं मॉडेल, नाहीतर सॅव्हेज ११०. मग कॅमेरा वर्कबेंचवर येतो. नळी शिकंज्यात आवळली जाते, अॅक्शनमध्ये लांब दांड्याचा पाना घातला जातो आणि माणूस जोर लावतो. सुटत नाही. तेल सोडतो, थोडी आच देतो, पुन्हा जोर लावतो. मग एकदम ‘कडक्’! पन्नास वर्षांपूर्वी कारखान्यात आवळलेले आटे सुटतात. या प्रकारातला हा माझा सगळ्यात आवडता क्षण आहे. इथे अभिनय करायला वावच नसतो.

नळी बदलायची कशाला? शिकारीची नळी बारीक आणि हलकी असते, कारण ती दिवसभर खांद्यावर घेऊन डोंगर चढायचा असतो आणि गोळी झाडायची असते एखादीच. लांबच्या पोलादी पाट्यांवर मात्र माणूस एका सकाळी शंभर गोळ्या झाडतो. बारीक नळी चार-पाच बारांतच तापते आणि नेम सरकायला लागतो. दुसरं कारण आतल्या पिळाचं. जुन्या .३०८ रायफलीत गोळी दहा किंवा बारा इंचांत एक फेरा घेते. हवा कापत हजार यार्ड जाणारी लांबुडकी गोळी स्थिर राहायला आठ इंचांत एक फेरा लागतो. म्हणून नवी नळी जाड, लांब, जास्त पिळाची; आणि काडतूस बहुतेक वेळा ६.५ क्रीडमोर. हॉर्नाडी कंपनीने ते २००७मध्ये आणलं. त्याचं बूड .३०८च्याच मापाचं असल्यामुळे जुना बोल्ट तसाच चालतो. आजोबांचा बोल्ट राहतो, हे वाक्य व्हिडिओत हमखास येतं.

त्यानंतर हेडस्पेस. बोल्ट बंद झाल्यावर काडतुसाला आत किती जागा उरते, ते मोजायचं. पोलादाचे दोन ठोकळे असतात. एकावर बोल्ट बंद व्हायलाच हवा, दुसऱ्यावर होता कामा नये. दोघांच्या लांबीत फरक साधारण एक दशांश मिलिमीटर. जागा जास्त झाली तर काडतुसाचं पितळी आवरण फाटू शकतं आणि गरम वायू मागे, तोंडाच्या दिशेने येऊ शकतो. गंमत अशी, की ज्या पायरीवर जीव अवलंबून आहे ती पायरी व्हिडिओत वीस सेकंदांत उरकतात आणि नव्या दस्त्याचा रंग निवडायला पाच मिनिटं देतात.

माझ्या पहिल्या तक्रारीचं मूळ इथेच आहे. हे व्हिडिओ नळीकडे भावनेने बघतात, आणि लांब पल्ल्याच्या खेळात नळी म्हणजे तर झिजणारी वस्तू. दोन-तीन हजार गोळ्यांनंतर तिचा घसा जळून खडबडीत होतो आणि ती पुन्हा बदलावी लागते. आपल्याकडे तबल्याची पुडी फाटली की नवी चढवतात. खोड तेच, गठ्ठे तेच, कधीकधी वादीही तीच. कुणी ‘आजोबांचा तबला आता आजोबांचा राहिला का’ असं विचारत बसत नाही. शाई बरोबर बोलतेय का, एवढंच ऐकतात. स्पर्धेत उतरणारे नेमबाजही असेच कोरडे असतात. भावनेचा महापूर येतो तो पहिल्यांदाच नळी बदलणाऱ्याला, आणि कॅमेरा नेमका त्याच्याच हातात असतो.

दुसरी तक्रार उत्तररंगाबद्दल. नवी नळी बसली, शंभर यार्डांवर कागद लावला, तीन गोळ्या झाडल्या. तिन्ही भोकं एका नाण्याखाली झाकली गेली. संगीत वाढतं. आता तीन गोळ्या म्हणजे काय पुरावा? तीनदा नाणं उडवून तीनदा छापा पडला तर आपण नाण्याबद्दल सिद्धान्त मांडत नाही. तीच रायफल वीस गोळ्या झाडेल तेव्हा घेर नक्कीच वाढेल, आणि खरं माप तेच. पण वीस गोळ्यांचा घेर थंबनेलवर शोभत नाही.

या सगळ्यावर उतारा म्हणून मी फ्रँकलिन मान यांचं १९०९चं पुस्तक सुचवतो. नावाचा मराठी अर्थ साधारण ‘दारूपासून निशाणापर्यंत गोळीचा प्रवास’. मान शिक्षणाने डॉक्टर, राहायला मॅसॅच्युसेट्समध्ये. त्यांच्या उपशीर्षकातच प्रतिज्ञा आहे: माणसाचा भाग वगळून केलेला नेमबाजीचा अभ्यास. त्यांनी नळी खांद्यावरून काढून जड, अचल आधारावर ठेवली. वाटेत पातळ कागदांचे पडदे उभे केले, म्हणजे गोळी कुठे डगमगते ते भोकांच्या आकारावरून कळेल. मुद्दाम गोळ्या बिघडवल्या. टोक बिघडवलं तर फारसं बिघडत नाही, बूड बिघडलं की गोळी भरकटते, हे त्यांनी दाखवलं. त्या काळातला नावाजलेला नळीकार हॅरी पोप याच्या नळ्याही त्यांनी वापरल्या. पुस्तक वाचायला रखरखीत आहे. पण त्यात फसलेले प्रयोग जसेच्या तसे मांडलेत, आणि माझ्या मते तेच त्याचं सौंदर्य. आजचे व्हिडिओ फसलेला भाग कापून टाकतात.

मात्र मान यांच्याशी माझं एक भांडण आहे. माणूस वगळला की नळी कळते, खेळ कळत नाही. हजार यार्डांवर, म्हणजे ९१४ मीटरवर, गोळी पंचवीस फुटांच्या आसपास खाली येते. ते गणिताने सुटतं. पण ताशी दहा मैलांचा आडवा वारा तिला पाच फुटांहून जास्त ढकलतो, आणि तो वारा वाटेत तीन ठिकाणी तीन प्रकारचा असतो. गवत डावीकडे झुकलंय, उन्हाची झळ उजवीकडे वाहतेय, कशावर विश्वास ठेवायचा? इथे नव्या नळीचे हजार डॉलर कामाला येत नाहीत. बार झाला की दीड सेकंदाने दुर्बिणीत पाटी हलते, पांढऱ्या रंगावर करडा डाग उमटतो. आवाज अजून वाटेतच असतो. आणखी पावणेतीन सेकंदांनी तो येतो: ‘टिंग’. चांगले व्हिडिओ त्या चार-सव्वाचार सेकंदांत काहीही बोलत नाहीत. वाईट व्हिडिओ तिथे ओरडतात.

आता खरी अडचण. हरीण कुठे गेलं? पूर्वरंगात ते होतं. शिकारीला वाईट म्हणा, पण तिला एका मरणाचा हिशोब ठेवावा लागतो: रक्त, सोलणं, मांस, फ्रीजर. पोलादाला हिशोब नाही. मेक्सिकोतून आलेल्या सिल्हूट स्पर्धेत निदान आठवण तरी शिल्लक आहे. तिथे २०० मीटरवर पोलादी कोंबडी, ३००वर डुक्कर, ३८५वर टर्की आणि ५००वर मेंढा उभा करतात. पूर्वी म्हणे तिथे जिवंत जनावरं बांधली जात. गोल पाटीने तीही आठवण पुसली. शब्दही धुऊन निघाले. ‘मारलं’ नाही, ‘इम्पॅक्ट’. ‘झाड’ नाही, ‘सेंड इट’.

याच्या उलट जिम कॉर्बेटची .२७५ रिग्बी आठवा. १९०७मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल संयुक्त प्रांताच्या नायब राज्यपालांनी ती भेट दिली. दस्त्यावर चांदीची पट्टी आहे, तिच्यावर कारण कोरलंय. तिची नळी बदलून नेम सुधारेलही. कुणी बदलणार नाही, कारण त्या रायफलीचं काम आता नेम धरण्याचं नाहीच, साक्ष देण्याचं आहे. आजोबांच्या रायफलीकडूनही व्हिडिओला साक्ष हवी असते आणि अर्धा इंचाचा घेरही. दोन्ही एकदम मागितलं की साक्ष खोटी पडते.

एका रात्री असाच व्हिडिओ संपला आणि त्याच स्क्रीनवर, त्याच देशातल्या एका शाळेतल्या गोळीबाराची बातमी आली. ती बंदूक वेगळ्या जातीची होती, हेतू वेगळा होता, हे मला कळतं. पोलादाच्या पाटीवर वारा वाचणाऱ्या माणसाला मी त्या बातमीत ओढणार नाही. पण त्यानंतर आठवडाभर मला ‘टिंग’ ऐकवेना. मग परत ऐकायला लागलो. हे लिहिताना मी त्याचा खुलासा शोधत होतो, सापडला नाही. परवान्याशिवाय बंदूक बाळगता येत नाही आणि १९७२च्या कायद्यानुसार शिकार बंद आहे, अशा देशात बसून दुसऱ्यांच्या गॅरेजकडे नाक मुरडणं मला सोपं आहे, हेही सांगून टाकतो.

तेव्हापासून प्रत्येक व्हिडिओत मी एकच गोष्ट बघतो: काढलेली नळी कुठे जाते? बहुतेक ठिकाणी ती शिकंज्यातून सुटते आणि फ्रेमच्या बाहेर जाते, परत दिसत नाही. एकाच माणसाने दाखवली. व्हिडिओ लांबलचक, उजेड वाईट, नवी नळी बसवताना दोनदा चूक. शेवटी घेरही फार चांगला आला नाही. त्याने दहा गोळ्या झाडल्या आणि दहाही भोकं दाखवली. मग तो परसात गेला. जुनी नळी त्याने टोमॅटोच्या वाफ्यात रोवली होती, वेल तिच्यावर अर्ध्यापर्यंत चढला होता. नळीच्या तोंडात पाणी जाऊ नये म्हणून त्याने वर एक बूच बसवलं होतं.