चेतनगुणोक्तीचा वाच्यार्थ : लघु ॲनिमेशनपटाच्या कथाकल्पनेविषयी काही विचार

१

कथेच्या घटकांची चर्चा मराठी समीक्षेने विपुल केली आहे. कथाबीज, कथानक, कथावस्तू, आशयसूत्र या संज्ञांमधील सीमारेषा आखण्याचे प्रयत्न अनेकदा झाले आहेत. या सर्व चर्चेत एक गृहीतक मात्र बहुधा तपासले जात नाही. कथाबीज हे माध्यमाच्या आधी अस्तित्वात असते; ते नंतर कथेत, नाटकात किंवा चित्रपटात 'रुजते', असे ते गृहीतक होय. बीज एकच आणि जमिनी अनेक, असे हे रूपक आहे. माध्यमांतर, पटकथालेखन, उपयोजित मराठी यांसारखे घटक विद्यापीठीय अभ्यासक्रमांत आल्यापासून हे रूपक अधिकच सोयीचे झाले. एखादी गाजलेली कथा घ्यावी, ती संक्षिप्त करावी, तिची दृश्यांत विभागणी करावी म्हणजे माध्यमांतर झाले, अशी समजूत त्यातून रूढ झाली आहे.

लघु ॲनिमेशनपटाच्या संदर्भात ही समजूत सर्वांत आधी कोसळते. म्हणूनच हा वरवर किरकोळ वाटणारा प्रकार समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो. चार-पाच मिनिटांच्या ॲनिमेशनपटासाठी कथाकल्पना सुचणे म्हणजे नेमके काय सुचणे, आणि सुचलेली कल्पना त्या माध्यमाचीच आहे हे कोणत्या निकषावर ठरवायचे, हे दोन प्रश्न प्रस्तुत लेखात विचारार्थ घेतले आहेत.

२

प्रथम एक साधा हिशेब मांडणे आवश्यक आहे. चित्रपटात एका सेकंदाला २४ चौकटी सरकतात. पाच मिनिटांच्या चित्रपटात त्या ७,२०० होतात. प्रत्येक चित्र दोन चौकटी टिकवण्याची काटकसर केली, तरी ३,६०० चित्रे काढावी लागतात. छायाचित्रणावर आधारलेल्या चित्रपटात कॅमेऱ्यापुढे जे असते ते आपसूक येते: भिंतीवरचा डाग, वाऱ्याने हललेला पदर, पात्राच्या कपाळावरचा घाम. ॲनिमेशनपटात आपसूक येणारे काहीही नसते. जे दिसते ते कोणीतरी मुद्दाम काढलेले किंवा घडवलेले असते. त्यामुळे येथे वर्णनाची उधळपट्टी परवडत नाही आणि प्रत्येक हालचालीला अस्तित्वाचे कारण द्यावे लागते. ही केवळ आर्थिक अडचण नव्हे. हा या कलेचा घटनात्मक नियम आहे. नॉर्मन मॅक्लॅरेन या कलावंताने ॲनिमेशनचे मर्म हलणाऱ्या चित्रांत न शोधता चितारलेल्या हालचालीत, दोन चौकटींच्या मधल्या जागेत शोधले, ते याच जाणिवेतून.

या नियमाचा कथाकल्पनेशी थेट संबंध आहे. गती हेच जर येथील द्रव्य असेल, तर कल्पनाही गतीच्या, अर्थात रूपांतराच्या भाषेतच सुचली पाहिजे. 'एका गरीब मुलाला शाळेत जायचे असते' हे कथाबीज आहे. ॲनिमेशनपटाची कथाकल्पना नव्हे. त्यात कोणत्या वस्तूचे कशात रूपांतर होते, हे अद्याप सांगितलेले नाही.

३

येथे आपल्या अलंकारशास्त्राची एक संज्ञा उपयोगी पडते. अचेतनावर चेतनाचा आरोप करणे म्हणजे चेतनगुणोक्ती, असे आपण शाळेपासून शिकतो. ॲनिमेशन या शब्दाच्या मुळाशी असलेल्या लॅटिन शब्दाचा अर्थही प्राण किंवा श्वास असाच आहे. तेव्हा हे माध्यम म्हणजे चेतनगुणोक्तीचे माध्यम, असा निष्कर्ष सहज काढता येईल. परंतु तो अपुरा आहे. काव्यात चेतनगुणोक्ती लक्षणेच्या पातळीवर काम करते. डोंगर हसला असे कवी म्हणतो, तेव्हा डोंगर हसत नाही हे वाचकाला ठाऊक असते, आणि त्या ठाऊक असण्यातूनच अर्थाचे तरंग उठतात. ॲनिमेशनपटात डोंगर खरोखरच हसतो. मुख्यार्थाचा बाध होत नाही, म्हणून लक्षणेला वावच उरत नाही. काव्यातला अलंकार येथे वाच्यार्थ होतो.

या कलेचे बळ आणि तिच्यातला धोका, दोन्ही येथेच आहेत. अलंकार वाच्य झाला की व्यंजनेची जागा रिकामी पडते. सामान्य ॲनिमेशनपट ती जागा बोधवाक्याने भरतो: झाड बोलते, झाडाला तोंड आणि डोळे असतात, आणि ते झाडे तोडू नका असे सांगते. येथे झाडाला प्राण मिळालेला नसतो. माणसाने झाडाचे सोंग घेतलेले असते. चांगली कथाकल्पना याच्या उलट दिशेने जाते. वस्तूच्या स्वतःच्या धर्मातून, तिच्या द्रव्यातून, वजनातून आणि काळातून, जी हालचाल निघते तिला ती चेतना मानते. व्यंजना मग त्या हालचालीत वस्तीला येते.

४

भारतीय ॲनिमेशनच्या इतिहासाची सुरुवात या दृष्टीने विलक्षण बोलकी आहे. दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) निर्माण करण्यापूर्वी कुंडीतल्या रोपाची वाढ ठरावीक अंतराने टिपून 'अंकुराची वाढ' हा लघुपट तयार केला. भांडवल देऊ शकणाऱ्याला या नव्या विद्येचे सामर्थ्य पटवणे हा त्यामागचा व्यावहारिक हेतू होता. पुढे १९१५ च्या सुमारास त्यांनी 'आगकाड्यांची मौज' हा काड्यांना हलवणारा लघुपट केला. फ्रान्समध्ये एमिल कोल यांनी १९०८ मध्ये काड्यांचा असाच खेळ केला होता. या दोन्ही कल्पना नीट पाहिल्या तर त्यांत 'कथा' जवळजवळ नाही. कथाकल्पना मात्र पुरेपूर आहे. अंकुराच्या चित्रपटात वनस्पतीचा काळ माणसाच्या काळाच्या वेगाने धावू लागतो. काड्यांच्या चित्रपटात एकसारख्या, व्यक्तित्वहीन वस्तू एकत्र येऊन आकृती होतात आणि पुन्हा काड्या होतात. वस्तुधर्मातून निघालेले रूपांतर ते हेच.

सुमारे नव्वद वर्षांनी गीतांजली राव यांनी 'प्रिंटेड रेनबो' हा लघुपट केला. २००६ मध्ये कान महोत्सवाच्या समीक्षक सप्ताहात त्याचा गौरव झाला. मुंबईतल्या सदनिकेत मांजरासह एकटी राहणारी वृद्धा काडीपेट्यांच्या संग्रहात रमते आणि त्यांवरच्या चित्रांच्या जगात प्रवेश करते, एवढेच त्याचे सूत्र. शहर करड्या छटांत आणि पेटीवरचे जग रंगांत आहे. येथे एकाकीपणाविषयी एकही वाक्य उच्चारावे लागत नाही, कारण आकाराचा विरोधच अर्थ सांगतो: घर मोठे असून कोंदट, पेटी चिमुकली असून अमर्याद. मर्ढेकरांनी सौंदर्यशास्त्रात सांगितलेली संवादलय, विरोधलय आणि समतोललय ही त्रयी काव्यापेक्षाही अशा कृतींना अधिक प्रत्यक्षपणे लागू पडते, कारण येथे लय डोळ्यांना दिसते.

बोधपर चित्रपट या निकषावर नेहमीच हरतो, असे मात्र मुळीच नाही. विजया मुळे यांचा 'एक अनेक और एकता' (१९७४) हा उघड उद्देशाने केलेला शैक्षणिक लघुपट आहे. जाळ्यासह उडणारे पक्षी आणि जाळे कुरतडणारे उंदीर ही त्यातली गोष्ट आपल्या प्राचीन नीतिकथांच्या परंपरेतली आहे. तरीही तो टिकला, याचे कारण त्याच्या कल्पनेत आहे. एकवचन आणि अनेकवचन या व्याकरणिक संकल्पनांना त्याने दृश्य क्रिया बनवले. एकाचे अनेक होणे पडद्यावर प्रत्यक्ष घडते. बोध त्या क्रियेचे फलित म्हणून येतो, वरून चिकटवला जात नाही.

५

लोककथा हा कथाकल्पनांचा तयार साठा मानला जातो. हे मत अर्धेच खरे आहे. पिंगुळीच्या चित्रकथी परंपरेचे उदाहरण घ्यावे. ठाकर समाजातील कथेकरी पोथीतली चित्रे एकामागून एक दाखवीत आख्यान लावतो. तेथे चित्र स्थिर असते आणि निवेदकाचा आवाज त्याला हलवतो. गती शब्दात असते. हीच निवेदनपद्धती ॲनिमेशनपटात उचलली, तर एकच काम दोघे करू लागतात: निवेदक सांगतो तेच चित्र दाखवते. जिवंत कथेकरी मात्र हरवलेला असतो. लोककथांवर आधारलेल्या बऱ्याच लघुपटांचे अपयश या द्विरुक्तीत आहे.

याउलट चिमणी-कावळ्याच्या गोष्टीकडे नव्याने पाहता येईल. कावळ्याचे घर शेणाचे, चिमणीचे मेणाचे; पाऊस येतो, एक घर वाहून जाते आणि दुसरे टिकते. मग दार वाजते आणि चिमणी बाळाच्या निमित्ताने दार उघडणे लांबवत राहते. या गोष्टीचे कथाबीज आळशी आणि उद्योगी यांच्या भेदात शोधले जाते. ॲनिमेशनपटाची कथाकल्पना मात्र शेण आणि मेण या दोन द्रव्यांत दडलेली आहे. शेण पावसात विरघळते, पण उन्हात वाळून घट्ट होते. मेण पावसाला दाद देत नाही. पण उन्हाळ्यात त्याचे काय होईल? मौखिक कथा हा प्रश्न विचारत नाही, कारण तिचा निर्णय पावसातच झालेला असतो. द्रव्याशी प्रामाणिक राहणाऱ्या चित्रकाराला तो टाळता येत नाही. तो विचारला की गुणावगुणांचा निवाडा ऋतूंच्या फेऱ्यात सापडतो आणि बंद दाराचा अर्थच बदलतो. शिवाय दार वाजण्याची पुनरावृत्ती ही मौखिक परंपरेची देणगी ॲनिमेशनच्या आवर्तनपद्धतीशी, म्हणजे तीच चित्रमाला पुन्हा पुन्हा वापरण्याच्या रीतीशी, जन्मतःच जुळणारी आहे. लोककथा साठा म्हणून नव्हे, तर लयीचा आराखडा म्हणून उपयोगी पडते, ती अशी.

६

या निकषाची परीक्षा अपरिचित साहित्यावर घेतली पाहिजे. मेढा आणि त्याभोवतालचे जावळी खोरे त्यासाठी घेऊ. मर्ढेकरांचे मूळ गाव मर्ढे याच सातारा जिल्ह्यातले, हा योगायोग सुखद असला तरी युक्तिवादासाठी तो आवश्यक नाही. या परिसरातून तीन कल्पना सहज सुचतील, आणि तिन्ही प्रथम चुकीच्या रूपातच सुचतील.

पहिली कास पठारावरच्या टोपली कारवीची. सात वर्षांनी एकदा फुलणारी ही वनस्पती. बोलणारे कारवीचे झुडूप पर्यटकांना उपदेश करते, हे तिचे पहिले रूप. ते वर सांगितलेल्या सोंगाच्या वर्गात मोडते. कल्पना माध्यमाची व्हायची तर काळ कारवीचा असला पाहिजे. सहा पावसाळे नुसत्या हिरव्या श्वासांसारखे जातात. माणसे इतक्या वेगाने येऊन जातात की त्यांचे नुसते पुसट पट्टे दिसतात. सातव्या वर्षी फूल उमलते तेवढाच काळ मंदावतो आणि माणसाचा चेहरा पहिल्यांदा स्पष्ट दिसतो. फाळक्यांच्या अंकुराची ही वंशज कल्पना आहे.

दुसरी कोयनेच्या शिवसागराची. १९६० च्या दशकात या जलाशयाखाली पाटण आणि जावळी तालुक्यांतली गावे गेली. वृद्ध विस्थापित नातवाला आठवणी सांगतो, हे पहिले रूप. ते कोणत्याही माध्यमात शक्य आहे. म्हणूनच ते या माध्यमाचे नाही. पाण्याची पातळी ही एकच आडवी रेघ नायिका मानली तर? रेघेच्या वर होडी, खाली उंबरा. पावसाळ्यात रेघ चढते, उन्हाळ्यात उतरते, आणि तिच्या चढउतारासोबत तीच वस्तू कधी स्मृती तर कधी वास्तव होते. येथे रेघ हे चित्रकलेचे मूलद्रव्य आणि पाणी हे कथेचे द्रव्य एकरूप होतात.

तिसरी कल्पना सर्वांत अवघड आहे. जावळीतले असंख्य पुरुष मुंबईच्या बाजारपेठांत माथाडी म्हणून राबले. त्यांच्या संरक्षणासाठी १९६९ चा कायदा झाला. पाठीवरच्या पोत्याचा सह्याद्रीचा डोंगर होतो आणि मजूर गाव पाठीवर घेऊन चालतो, ही प्रतिमा चटकन सुचते आणि टाळ्याही घेते. निकष येथे अधिक कठोरपणे लावला पाहिजे. चित्रातल्या पोत्याला वजन नसते. ॲनिमेशनमध्ये वजन हे गुडघ्याच्या वाकण्यातून, पाऊल टेकण्याच्या विलंबातून, श्वासाच्या खंडातून निर्माण करावे लागते. ते निर्माण होण्याआधीच पोत्याचा डोंगर केला, तर डोंगर पिसासारखा हलका होतो आणि श्रमणारा माणूस प्रतीकाच्या कामी येऊन नाहीसा होतो. अचेतनाला चेतना देणारी कला येथे सचेतनालाच अचेतन करून बसते.

७

यावरून निकष असा मांडता येईल. लघु ॲनिमेशनपटाची कथाकल्पना म्हणजे वस्तुधर्मातून उद्भवणारे आणि अर्थाला अपरिहार्य असलेले रूपांतर. 'उद्भवणारे' म्हटल्याने सोंग वगळले जाते. 'अपरिहार्य' म्हटल्याने चमत्कृती वगळली जाते. जी कल्पना चित्राविना, नुसत्या सारांशाने पूर्णपणे सांगता येते, ती या माध्यमाची नव्हे.

यावर असा आक्षेप येईल की ही कला चित्रकाराची आहे, साहित्यसमीक्षेने तिच्यात पडू नये. परंतु वाच्य, लक्ष्य आणि व्यंग्य यांचा विवेक ही साहित्यविचाराचीच कमाई आहे, आणि या कलेला नेमकी त्याचीच वाण आहे. उलट दिशेनेही लाभ आहे. कथाबीज माध्यमपूर्व असते हे आपले जुने गृहीतक येथे इतक्या स्पष्टपणे मोडते, की लिखित कथेविषयीही ते पुन्हा तपासणे भाग पडते. कथाही कदाचित बीजातून उगवत नसेल. वाक्याच्या एखाद्या वळणातच ती प्रथम घडत असेल. सारांश लिहून घेऊन कथेचे मूल्यमापन करण्याची आपल्या वर्गांतली आणि परीक्षणांतली सवय त्या तपासणीत टिकेल असे वाटत नाही.