ख्रिस्तपुराण व त्याचा श्रोता

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणाचा विषय निघाला कीं, मराठी भाषेची थोरवी गाणाऱ्या त्यांतील मोजक्या ओव्या पुढें करावयाच्या, परदेशस्थ पाद्र्यानें आपल्या भाषेचा गौरव केला म्हणून धन्यता मानावयाची आणि ग्रंथ मिटावयाचा, अशी आमच्याकडील टीकाकारांची रीत पडून गेली आहे. जवळजवळ 11,000 ओव्यांच्या ग्रंथास हा न्याय नव्हे. हें पुराण एका विशिष्ट श्रोतृवर्गासाठीं रचलेलें आहे. त्या श्रोत्यास बाजूस सारून त्याचें मोल ठरवितां येणार नाहीं, असें आमचें मत आहे. करवीर प्रांताच्या इतिहासाशींही या प्रश्नाचा संबंध पोंचतो, तो शेवटीं दाखवूं.

स्टीफन्स हे मूळचे इंग्रज व जेसुइट संघाचे. ते 1579 च्या ऑक्टोबरांत गोव्यास उतरले व 1619 मध्यें निवर्तले. मधलीं वर्षें बहुतांशीं साष्टी प्रांतांत गेलीं. पुराण राशोल येथें 1616 मध्यें रोमन लिपींत छापलें गेलें व पुढें 1649 आणि 1654 मध्यें पुन्हां निघालें. परंतु या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. हस्तलिखितांवरून जोसेफ साल्ढाणा यांनीं 1907 मध्यें मंगळूर येथें रोमन आवृत्ति काढली. लंडन येथील मार्सडेन संग्रहांतली देवनागरी पोथी जस्टिन अॅबट यांनीं उजेडांत आणली. पुढें शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ति 1956 मध्यें व फादर कारिदाद द्राग यांची 1996 मध्यें प्रसिद्ध झाली. तात्पर्य, साधनें हातीं आहेत.

ग्रंथाची किल्ली त्याच्या आरंभींच आहे. तुम्हीं आमचीं जुनीं पुराणें वर्ज्य केलींत, तर त्यांच्या जागीं तसेंच कांहीं आम्हांस कां देत नाहीं, असा प्रश्न एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीगुरूस करितो, आणि त्याचें उत्तर म्हणून कथा सुरू होते. या मागणीचें मर्म चातुर्मासांत पोथी ऐकण्याची चाल ज्यास ठाऊक आहे, त्यास सहज कळेल. देवळांतला मिस्सा लॅटिन भाषेंत होई. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत (1962–65) हीच वहिवाट सामान्यतः चालू होती. वेदीवरचे शब्द भाविकास परके, म्हणून पुराण हेंच त्याच्या कानास कळणारें धर्मवचन. ओवीची संथ चाल, श्रोत्यांस वारंवार घातलेली साद, वैकुंठ-मुक्ति इत्यादि ओळखीचे शब्द, या सर्वांचा उलगडा यांतून होतो. रोमन पाठांत पोर्तुगीज व लॅटिन शब्द आहेत, तेथें मार्सडेन पोथींत बहुधा संस्कृत शब्द आढळतात. या दोन पोथ्यांपुढें दोन निरनिराळे श्रोते होते, असा तर्क आम्हांस योग्य वाटतो.

एवढ्यावरून ग्रंथ केवळ समन्वयाचा म्हणावा, तर तेंही सत्यास सोडून होईल. जुनीं पुराणें श्रोत्यानें सर्वस्वीं आपखुशीनें टाकलेलीं नव्हतीं. गोव्यांत 1560 पासून इन्क्विझिशनची सत्ता होती. 1583 मध्यें कुंकळ्ळीस पांच जेसुइट मारले गेले, त्यामागें देवळें पाडल्याचा क्षोभ होता. पुराणाचें रूप प्रेमानें उचलावयाचें आणि त्याच रूपांतील जुन्या देवांची निंदा करावयाची, हा विरोध ग्रंथांत आरंभापासून आहे व त्याकडे डोळेझांक करणें टीकेस शोभत नाहीं. पुढें 1684 मध्यें पोर्तुगीज व्हाइसरॉयनें गोमंतकीयांनीं तीन वर्षांत स्वभाषा सोडावी असा हुकूम काढला. ज्या लोकांसाठीं हें पुराण त्यांच्या कानास रुचेल अशा बोलांत रचलें, त्यांच्याच जिभेवर ही बंदी आली! तरीही छापील प्रती नाहींशा झाल्या असतां हातानें उतरलेल्या पोथ्या टिकल्या, याचें श्रेय राज्यकर्त्यांस नाहीं. तें पोथ्या उतरून जपणाऱ्या भाविकांचें आहे. ग्रंथाच्या गुणाचें याहून मोठें प्रमाण आम्हांस दिसत नाहीं.

आतां करवीराविषयीं. कोल्हापुरांतील ख्रिस्ती धर्माचा इतिहास बहुधा 1852 मध्यें येथें आलेल्या रॉयल वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्यापासून सांगितला जातो. मिशनचे अहवाल छापील असल्यामुळें तो सांगणें सोपेंही आहे. परंतु ती प्रॉटेस्टंट पंथाची हकीकत झाली. आजऱ्यासारख्या ठिकाणीं राहणारीं, पोर्तुगीज वळणाचीं आडनांवें लावणारीं कॅथॉलिक कुटुंबें त्या अहवालांत कशीं सांपडणार? हा मुलूख 1886 मध्यें स्थापन झालेल्या पुणें धर्मप्रांताकडे होता व 2005 पासून सिंधुदुर्ग धर्मप्रांताकडे आहे. तेथील माणसांचा इतिहास पॅरिशच्या दप्तरांत शोधावयास हवा. बाप्तिस्मा व विवाह यांच्या नोंदी धर्मगुरूनें ठेवाव्या, हा कॅथॉलिक चर्चचा नियम 1563 च्या ट्रेंट परिषदेपासूनचा आहे. अशा वहींत आईबापांचीं व साक्षीदारांचीं नांवें मिळतात. तींवरून सोयरीक कोणत्या गांवाशीं झाली व वस्ती कोठून आली, याचा माग लागतो.

परंतु वह्यांत बोल सांपडत नाहीं. सायंकाळीं घरांत जपमाळ म्हणतांना, मयताच्या घरीं, नाताळच्या गाण्यांत वडीलधारीं माणसें कोणते शब्द उच्चारितात, हें टिपून ते पुराणाच्या दोन्ही पाठांशीं ताडून पाहिले पाहिजेत. स्टीफन्स यांचा श्रोता साष्टींतच राहिला कीं घांट चढून आमच्या प्रांतांतही आला, याचा निर्णय त्यावरून करितां येईल. आजीच्या तोंडचे हे शब्द तिच्याबरोबर जातील, आणि भाषास्तुतीच्या त्या ओव्या कितीही वेळां छापल्या तरी ते परत मिळणार नाहींत. यास्तव संशोधकांनीं हें काम आतांच हातीं घ्यावें, अशी आमची सूचना आहे.