क्षमा आणि प्रायश्चित्त : पंडिता रमाबाईंच्या साक्षीतील एक प्रश्न

धर्मांतराच्या कथनात बाप्तिस्मा हा कळसाध्याय असावा, अशी वाचकाची स्वाभाविक अपेक्षा असते. पंडिता रमाबाईंचे १९०७ साली प्रसिद्ध झालेले ‘अ टेस्टिमनी ऑफ अवर इनएग्झॉस्टिबल ट्रेझर’ हे इंग्रजी आत्मवृत्त ही अपेक्षा पुरी करीत नाही. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर आठ वर्षांनी, आपल्याला ख्रिस्ती धर्म लाभला, परंतु ख्रिस्त लाभला नाही, अशी जाणीव आपणास झाली, असे त्या सांगतात. पापाचा भार अंतःकरणावर तसाच होता. या आठ वर्षांना ग्रंथात जागा थोडीच मिळाली आहे. तथापि त्याचे मर्म तेथेच आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

हा भार का उतरला नाही? याचे उत्तर ग्रंथाच्या पूर्वार्धात शोधावे लागते. अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंब तीर्थाटन, व्रते व दाने यांत सर्वस्व वेचीत गेले आणि १८७० नंतरच्या दशकातील दुष्काळात आई, वडील व थोरली बहीण ही एकामागून एक निवर्तली. ग्रंथातील सर्वांत जिवंत गद्य या भागात आहे. पुण्य आपण जोडावयाचे आणि पाप आपणच फेडावयाचे, हा हिशेब रमाबाईंच्या अंगवळणी पडला होता. धर्मशास्त्रातील कृच्छ्र, चांद्रायण इत्यादी प्रायश्चित्ते पापाच्या मानानेच मोजलेली असतात. शिवाय त्यांच्या वाचनाप्रमाणे स्त्रीला मोक्ष मिळावयाचा तो पुढील जन्मांच्या वाटेने. म्हणजे फेड आजची आणि सुटका मात्र अनिश्चित काळानंतरची.

बाप्तिस्म्याने देव बदलला. हिशेबाची रीत बदलली नाही. बाप्तिस्मा, प्रार्थना, सदाचरण हीच आता नवी व्रते झाली होती. विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र वाचल्यावर त्यांना ही गोष्ट उमगली. उपदेशक असूनही ज्याचे स्वतःचे परिवर्तन मागाहून झाले, अशा गृहस्थाच्या कथेत त्यांना आपले प्रतिबिंब दिसावे, हे साहजिकच होय.

येथे मराठी अभ्यासकाने एका शब्दाकडे लक्ष द्यावे. मराठी ख्रिस्ती परिभाषेत ख्रिस्ताच्या बलिदानाला ‘प्रायश्चित्त’ हाच शब्द योजिला जातो. शब्द जुना, परंतु कर्ता बदललेला. धर्मशास्त्रात पापी मनुष्य प्रायश्चित्त करतो. येथे ते त्याच्यासाठी अगोदरच झालेले असते आणि त्याने फक्त त्यावर विश्वास ठेवावयाचा असतो. म्हणूनच हे तारण जातिनिरपेक्ष आहे, स्त्रीलाही खुले आहे आणि याच जन्मी मिळणारे आहे, या गोष्टीचा त्यांना एवढा आनंद वाटतो.

अशा विनामूल्य क्षमेने नैतिक जबाबदारी सैल होत नाही काय? हा आक्षेप गंभीर आहे. त्याचे उत्तर रमाबाईंच्या ग्रंथापेक्षा त्यांच्या कार्यात अधिक स्पष्ट मिळते. लंडनमधील फुलहॅम येथे ‘पतित’ ठरलेल्या स्त्रियांची शुश्रूषा पाहून त्या प्रभावित झाल्या होत्या. पुढे केडगाव येथे अशाच स्त्रियांसाठी त्यांनी ‘कृपासदन’ उभारले. नाव सूचक आहे. स्वतःच्या पापाची फेड म्हणून केलेल्या सेवेत दुसरा माणूस साधन बनतो. फेड झालेलीच आहे, अशी श्रद्धा असलेल्याची सेवा मात्र त्या माणसासाठीच असू शकते.

तथापि या साक्षीला एक मर्यादाही आहे. रमाबाई शुभवर्तमानाची तुलना करतात ती मुख्यतः धर्मशास्त्राशी. पतितपावन विठ्ठलाला हाक मारणारी जनाबाई, कान्होपात्रा, चोखामेळा यांची परंपरा या तुलनेत जवळजवळ येतच नाही. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांना तुकाराम हा ख्रिस्ताकडे नेणारा पूल वाटला. रमाबाईंच्या वाटेवर असा पूल नाही, तेथे दरीच आहे. एका संस्कृत पंडितेच्या अनुभवाचे चित्र म्हणून हे प्रामाणिक असले, तरी मराठी धर्मानुभवाचे ते संपूर्ण चित्र नव्हे.

एवढे मान्य करूनही या छोट्या ग्रंथाचे महत्त्व कमी होत नाही. अपराधाची टोचणी श्रद्धा बदलल्याने आपोआप शमत नाही. ‘मीच फेडीन’ हा आग्रह सुटावा लागतो. हा आग्रह सुटण्यास रमाबाईंसारख्या विदुषीलाही बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षे लागली, ही कबुलीच या साक्षीचे खरे वाङ्मयीन बळ होय.