काचेतला पेंग्विन

लंडनला मेहुण्याकडे गेलो, तेव्हा देवघर दाखवावे तशा भक्तिभावाने त्याने मला एक काचेचे कपाट दाखवले. आत खेळण्यातले विमान. १९३२ साली बाजारात आलेले ‘फ्रॉग इंटरसेप्टर’. मी नुसते बोट पुढे केले, तर म्हणाला, ‘‘भावजी, हात नको!’’

फ्रॉग म्हणजे इथे बेडूक नव्हे. ‘फ्लाइज राइट ऑफ द ग्राउंड’ या शब्दांची ती आद्याक्षरे. आपले आपण जमिनीवरून उडते, एवढाच दावा. पुढे १९३६ साली याच लोकांनी न उडणारी, नुसती जोडून ठेवायची प्लॅस्टिकची विमाने काढली. त्यांना नाव दिले ‘पेंग्विन’! जाहिरातीत इतका खरेपणा मी तरी दुसरीकडे पाहिलेला नाही.

या विमानाचा खरा नायक त्याचा खोका. विमान खोक्यात बसवायचे, मूठ फिरवायची, की पोटातल्या रबराला पीळ भरतो. जेवढा पीळ, तेवढे उड्डाण. आम्हा बँकवाल्यांना हा व्यवहार पसंत पडतो. आधी भरणा, मग उचल. शिल्लक संपली की खाली या. ओव्हरड्राफ्ट नाही.

भाच्याचे विमान याच वळणाचे, पण आजचे. फोमचे अंग, बॅटरी, विजेची मोटर, हातात रेडिओचा डबा. न्यायाने सांगायचे तर उडते ते उत्तम, आणि बराच वेळ. पण तोल गेला की आतली यंत्रणा परस्पर सावरून घेते. चुका आपण करायच्या आणि निस्तरायच्या दुसऱ्याने, ही सोय कचेरीत हेडक्लार्कच्या रूपाने असावी, खेळण्यात नको. पाचव्या फेरीला पोरगे जांभया देऊ लागले आणि मला हळूच विचारते, ‘‘ती मूठ फिरवली की काय होतं हो?’’

मी मेहुण्याकडे पाहिले. तो म्हणाला, ‘‘रबर मूळचं आहे. वाळलंय. पीळ दिला तर तुटेल. बदललं तर किंमत उतरेल.’’

म्हणजे हिशेब असा, की नक्कल उडते आणि अस्सल बसून आहे. जे उडत नाही त्याला काय म्हणायचे, हे कंपनीनेच १९३६ साली सांगून ठेवले आहे. तेव्हा समीक्षक या नात्याने माझी शिफारस एवढीच: नवे रबर घालावे, एकदा उडवावे आणि किमतीतली घट खुशाल खर्ची टाकावी.

मेहुण्याची मंजुरी अजून आलेली नाही. भाच्याने मात्र कपाटाची किल्ली कुठे असते ते मला सांगून ठेवले आहे.